तबलजीनं हात दाखवायचा कुणाला?

मिरजेत तंबोऱ्याचा भोपळा तडकला तर तो घेऊन लांब जावं लागत नाही. सतारमेकर गल्लीत शिरलं की कुणीतरी तो मांडीवर घेतो, बोटानं टकटक करून बघतो आणि "चार दिवसांनी या" म्हणतो. पुडीची शाई सुटली, वादी तुटली, तंबोऱ्याची जवारी बिघडली, सगळ्याला इथं माणूस आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दवाखान्यांचं तर विचारूच नका. 1894 मध्ये मिशनचं इस्पितळ उभं राहिलं, तेव्हापासून पार कर्नाटकातले रुग्ण मिरजेची गाडी धरतात. वाद्यांचं आणि डॉक्टरांचं असं हे गाव. इथं मी उभा जन्म तबला शिकवत आलो. वाद्य बिघडलं तर कुठं न्यायचं हे माझ्या क्लासमधल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. वाजवणाऱ्याचा हात बिघडला तर कुठं जायचं, हे मात्र नावाजलेल्या वादकांनाही सांगता येत नाही.

मुळात हात दुखतो हे कुणी बोलतच नाही. गवयाचा घसा बसला की लोक गरम पाणी आणून देतात, ज्येष्ठमध देतात, कार्यक्रम पुढं ढकलतात. तबलजीनं "मनगट दुखतंय" म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं: रियाज कमी पडतोय. आमच्या विद्येत चिल्ल्याची परंपरा आहे. चाळीस दिवस कोंडून घेऊन वाजवायचं. जुन्या उस्तादांच्या गोष्टीत बोटं फुटतात, पुडीवर रक्त सांडतं आणि मग कुठं 'धिरधिर' साफ होतो. ऐकायला छान आहेत या गोष्टी. पण त्या सांगणारा नेहमी तो असतो ज्याचा हात टिकला. ज्याचा टिकला नाही, तो पुढं किराणा दुकान चालवतो आणि त्याची गोष्ट मैफलीत कुणी सांगत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. हात भरून येणं वेगळं आणि हात दुखणं वेगळं, आणि हा फरक शिकवणं हे गुरूचं काम आहे, डॉक्टरचं नंतर. भरून आलेला हात रात्रभरात मोकळा होतो. दुखणारा हात सकाळी चहाचा कप उचलतानाही दुखतो. ज्याचं दुखणं दुसऱ्या दिवशी मुक्कामाला राहतं, ज्याला मुंग्या येतात, ज्याचं बोट अडकतं किंवा पकड सुटते, त्याला "आणखी वाजव" म्हणणं हा निव्वळ आडमुठेपणा आहे.

विशारदची तयारी करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण देतो. परीक्षा जवळ आली तसा तिनं रियाज एकदम दुप्पट केला. मग एक दिवस म्हणाली, "सर, 'ना' लागत नाही." लागत होता, पण वाजवताना तिचा चेहरा कसनुसा व्हायचा. घरी कुकरचं झाकण उघडता येत नाही, ओले कपडे पिळता येत नाहीत, हे खोदून विचारल्यावर कळलं. तिला अंगठा मुठीत घ्यायला लावला आणि मनगट अलगद करंगळीकडं झुकवायला सांगितलं. "आई गं!" अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला नेमकी कळ आली. अंगठ्याचे स्नायुबंध ज्या नळीसारख्या आवरणातून जातात, ते आवरण जाड होतं आणि बंध आत घासतात. फ्रिट्झ द क्वेरवां या स्विस शल्यविशारदानं 1895 मध्ये याचं वर्णन केलं आणि दुखण्याला त्याचंच नाव पडलं. बाळाला सारखं उचलून घेणाऱ्या नव्या आयांना हे बरेचदा होतं. आमच्यात का होतं, ते तिच्या हाताकडं नीट बघितल्यावर दिसलं.

'ना' वाजताना तर्जनी चाटेवर पडते आणि अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली असते. अंगठ्याला तिथं काहीच काम नाही. पण काम नसलेला अंगठाच जास्त ताठ उभा राहतो. तिचा अंगठा तासन् तास हवेत उगारलेला असायचा, आणि अनामिका टेकलेली नसून रुतलेली. त्यात वाद्याचीही भर. क्लासमधला तो दायां मोठ्या तोंडाचा. बाईंच्या गाण्याच्या वर्गासाठी कुणीतरी गट्टे ठोकून ठोकून तो काळी चारला चढवून ठेवला होता. मोठं तोंड वरच्या सुरात खेचलं की पुडी लाकडासारखी होते. ती बोटाला उसळी देत नाही आणि घेतलेला मार तसाच परत करते. डॉक्टरांनी अंगठ्याला आधार देणारा पट्टा दिला, काही आठवडे वाजवणं बंद केलं, मग फिजिओथेरपिस्टनं हळूहळू व्यायाम चढवले. माझ्या बाजूनं मी दोन गोष्टी केल्या. तिला लहान तोंडाचा दायां दिला, आणि बंदीच्या काळात कायदे हातावर ताल धरून नुसते तोंडानं म्हणायला लावले. पढंत सुधारली ती तेव्हा. परीक्षा एका सत्रानं पुढं गेली, बाकी काही बिघडलं नाही.

डग्ग्याचं दुखणं निराळं. मनगटाचा तळ पुडीवर ठेवून तो घासत, दाबत मींड काढायची. म्हणजे मनगट मागं वाकलेलं आणि वर हाताचा सगळा भार. हाताकडं जाणारी एक मोठी नस मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाते, आणि मनगट असं वाकलं की त्या बोगद्यातला दाब वाढतो. कार्पल टनेल म्हणतात तो हाच. ओळख सोपी आहे: अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची निम्मी बाजू बधिर होते, रात्री मुंग्यांनी जाग येते आणि माणूस अंधारात हात झटकत बसतो. मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर शक्यता वाढते. त्यामुळं दिवसभर बँकेत संगणक बडवून संध्याकाळी ऑर्केस्ट्रात ढोलकीला बसणाऱ्या गृहस्थांनी आधी साखर तपासून घ्यावी. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा पुष्कळदा पुरतो. चालढकल करत वर्षं काढली तर अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा सपाट होत जातो. मग शस्त्रक्रिया झाली तरी गेलेली ताकद सगळी परत येईलच असं नाही.

आणखी एक प्रकार आहे, त्यात दुखतच नाही. एखादं बोट वाजवताना आपोआप मुडपतं. चमचा धरताना ठीक, बटण लावताना ठीक, वाद्यावर मात्र ऐकत नाही. लिऑन फ्लायशर या अमेरिकी पियानोवादकाच्या उजव्या हाताचं 1960च्या दशकात असंच झालं. पुढं सुमारे तीस वर्षं ते डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत, शिकवत राहिले. बोटॉक्सच्या इंजेक्शनांनंतर ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजवायला बसले. बिघाड मेंदूकडून जाणाऱ्या हुकमात असतो, त्यामुळं रियाज वाढवला की तो आणखी पक्का होतो. आमच्याकडं अशा मुलाला काय सांगतील, ते वेगळं सांगायला नको.

गणपती जवळ आले की मला तबल्यापेक्षा ढोलाची काळजी वाटते. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची उघडी थापी आणि कमरेला बांधलेला ढोल. वर्षभर लॅपटॉपपुढं बसलेली पोरंपोरी पावसाळ्यात सरावाला येतात आणि पहिल्याच आठवड्यात तासन् तास बडवतात. बोटांना पट्ट्या गुंडाळलेले फोटो कौतुकानं फिरतात. पट्टी कातडी वाचवते, सांधा वाचवत नाही. आणि एक गोष्ट यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. उघड्या तळव्यानं फार वेळ जोरात वाजवलं तर तळव्यातल्या लाल रक्तपेशी आघातानं फुटतात आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो. कोंगा वाजवणाऱ्यांची अशी उदाहरणं 1970च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली आहेत. सरावानंतर लघवी चहाच्या रंगाची झाली तर वाजवणं थांबवायचं, पाणी प्यायचं आणि डॉक्टरांना "मी ढोल वाजवतो" हे स्वतःहून सांगायचं. ते आपण होऊन विचारणार नाहीत.

क्रिकेटमध्ये हे शहाणपण कधीच आलंय. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानं कोवळ्या वेगवान गोलंदाजांनी किती षटकं टाकायची याच्या वयानुसार मर्यादा ठरवल्या आहेत. आपल्या पथकात ढोल किती हे मोजतात, त्यावर बातम्या येतात. पहिल्या आठवड्यात नवीन पोरानं किती वेळ वाजवायचं, हे कुणी लिहून ठेवलंय का?

सगळ्यात वाईट अवस्था सप्ताहातल्या पखवाजवाल्याची. पहाटे काकडा, मग भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, वर जागर. आळंदीत 1917 मध्ये जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथं आणि आसपासच्या संस्थांत शिकलेली कितीतरी मुलं गावोगावच्या सप्ताहात मृदंग सांभाळतात. गाणारे बदलतात, टाळकरी आळीपाळीनं बसतात, कीर्तनकार रोज नवा येतो. मृदंगाला पुष्कळ गावांत तोच एक पोरगा. समोर चाळीस टाळ कडाडतायत आणि त्यावरून 'धा' ऐकू जायचा तर हात उचलून हाणण्याशिवाय गत्यंतर नाही, कारण माईक बुवांपुढं आहे आणि मृदंगापुढं नाही. इथं पोराच्या हाताला उपदेश करून काय होणार? सप्ताह कमिटीनं मृदंगाला एक माईक द्यावा आणि जोडीला दुसरा मृदंगी बोलवावा. मंडपाच्या झालरीला पैसे मिळतात, तसे यालाही मिळतील. ऑर्केस्ट्रातही तेच. ढोलकीवाल्याला स्वतःचं वाजवणं ऐकू येत नाही म्हणून तो मारतो. स्पीकर त्याच्याकडं वळवला की त्याचा हात निम्मा हलका होतो.

उपचारांच्या बाबतीत आमच्या भागाचा वेगळाच थाट. तालमींचा मुलूख, मनगट दुखलं की पोरगं वस्तादाकडं जातं आणि वस्ताद तेल लावून रगडतो. आखडलेल्या खांद्याला त्यानं बरं वाटेलही. सुजलेल्या स्नायुबंधावर तसा अंगठा फिरवला की सूज वाढते. बधिर हाताला बाम लावून उपयोग नाही, कारण दाब आत नसेवर आहे. आणि कार्यक्रमाआधी दुखणं थांबवायची गोळी घेऊन बसणारे तर मी किती पाहिले. गोळीनं कळ दबते. पण थांब म्हणून सांगायला तीच एक होती, आता तीही गप्प. मग जो 'रेला' थांबवायला हवा तोच रंगात येऊन दामदुपटीनं वाजतो.

टाळण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते बिनखर्चाचं आहे. बसल्याबरोबर द्रुत लय धरू नये. पहिली काही मिनिटं एकच कायदा ठाय लयीत, थंडीच्या दिवसांत त्याआधी हात कोमट पाण्यात. तासाला थोडं उठावं. सुटीनंतर परत येताना वेळ आठवड्या-आठवड्यानं वाढवावी. आठवीच्या पोराला मोठ्यांच्या जोडीपुढं बसवलं की त्याची कोपरं कानाशी येतात आणि खांदे दुखतात. त्याला पाटावर बसवा, सरळ होतो. चुंबळ नुसती शोभेला नसते; ती इकडं-तिकडं सरकवून वाद्य असं कलवावं की मनगट आणि कोपराखालचा हात एका रेषेत येतील. कोरड्या हातासाठी वाजवून झाल्यावर खोबरेल, आधी नाही, नाहीतर शाई खराब होते आणि पुडीवाला माझ्या नावानं बोटं मोडतो.

शिक्षकांना एवढंच सांगेन, वर्ग सुरू करताना सूर लावायच्या आधी "हात कसा आहे?" हे विचारा. पहिल्या महिन्यात कुणी खरं सांगणार नाही. विचारत राहा.

आणि मिरजेच्या डॉक्टरांना एक विनंती. हाताचे सर्जन, हाडांचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, सगळे इथं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहात. महिन्यातून एक दुपार वादकांसाठी ठेवा. आमचा हात टेबलावर पालथा ठेवून तपासलात तर त्यात काही सापडत नाही. तो वाजवताना बघावा लागतो. त्यासाठी लागणारी तबल्याची जोडी मी आणून ठेवतो, चुंबळी आणि हातोडीसकट. दिवस तेवढा तुम्ही सांगा.