मिथ्रास खडकातून जन्मला



ख्रिस्ताची कथा रोमन देव मिथ्रासवरून उचलली, हे गेल्या अंकातील पत्र वाचले. मिथ्रास २५ डिसेंबरला कुमारीच्या पोटी जन्मला, असे पत्रलेखक ठासून सांगतात. रोमन शिल्पांत मात्र तो खडकातून प्रकटतो, बहुधा एका हातात खंजीर, दुसऱ्यात मशाल घेऊन. आई कुठेच नाही! या पंथाचा धर्मग्रंथ उरलेला नाही. उरली ती भुयारी मंदिरे, शिल्पे, शिलालेख. राहिली तारीख. २५ डिसेंबर हा ‘अजिंक्य’ सूर्याचा जन्मदिन असल्याची नोंद, मिथ्रासचे नाव न घेता, इ. स. ३५४ च्या रोमन पंचांगात आहे आणि त्याच संग्रहात ख्रिस्तजन्माचीही तीच तारीख आहे. कोणी कोणाची घेतली, हे त्यावरून ठरत नाही.

साम्ये नाहीतच, असे मी म्हणत नाही. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर यानेच मिथ्रासपंथीयांच्या भाकरी-पाण्याच्या विधीबद्दल लिहिले आणि ती ख्रिस्ती विधीची दुष्ट आत्म्यांनी केलेली नक्कल आहे, असा आरोप केला. तोही मला पुराव्याविना मान्य नाही. पत्रलेखकांनी कुमारीजन्माचा मूळ आधार, मग ते शिल्प असो वा शिलालेख, याच सदरात द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, वसई