बाग असू द्या. किल्ला विसरू नका

गड म्हटला की सह्याद्री आणि जलदुर्ग म्हटला की कोकण, ही समजूत इतकी रुजली आहे की गोदावरीकाठचा नांदेडचा नंदगिरी किल्ला दुर्गप्रेमींच्या यादीत सहसा येतच नाही. तीन बाजूंनी नदीचा वेढा असलेल्या या कोटात आज बाग आहे, पाणीपुरवठ्याची व्यवस्था आहे. त्याला विरोध करण्याचे कारण नाही; ओसाड बुरुजापेक्षा गजबजलेला बुरुज केव्हाही बरा.

आक्षेप विस्मरणाला आहे. १६३६ मध्ये शाहजहानने औरंगजेबाकडे दख्खनचे चार सुभे सोपवले. त्यांपैकी तेलंगणाचे मुख्य ठाणे नांदेड, तर मुख्य किल्ला कंधार. तो मोगलांनी निजामशाहीकडून १६३१ मध्येच जिंकला होता. उदगीर आणि औसा १६३६ मध्ये पडले. अशा रणभूमीत, नदीच्या ऐन काठावर कोट उभा राहतो तो काय कारंज्यांसाठी?

वांद्र्याच्या पोर्तुगीज किल्ल्यातही बागच आहे. मात्र तो भग्न का, याचे उत्तर मिळते: चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेच्या (१७३७ ते १७३९) काळात, तो मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून पाडण्यात आला. नंदगिरीबद्दल असा प्रश्न विचारणारे किती? ‘मराठवाड्यात पाहण्यासारखे आहे काय?’ हा तुच्छ सवाल मात्र सहज केला जातो, आणि तोही बहुधा कंधारचा खंदक न पाहिलेल्यांकडून! पुढची हिरवळ अंथरण्यापूर्वी नंदगिरीच्या उरलेल्या तटाचे मोजमाप आणि आरेखन व्हायला हवे.