डोंगरी आणि बूनव्हिल

गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशीच्या काळात जिथे ठेवतात, अशा एका जिल्ह्याच्या निरीक्षणगृहाच्या दुरुस्तीची निविदा या आठवड्यात पाहण्यात आली. कामांची यादी अशी : आवारभिंतीची उंची वाढवणे, भिंतीवर काटेरी तारेची वेटोळी बसवणे, सर्व खिडक्यांना लोखंडी जाळ्या, आवारात पेव्हर ब्लॉक, आतून-बाहेरून रंगकाम. पेव्हर ब्लॉकवर या जागेत इतकं लिहून झालंय की संपादकांनी आता हात जोडलेत. म्हणून एवढंच म्हणतो : ज्या आवारात पोरांनी कबड्डी खेळायची तिथली माती झाकावी असं ज्याला सुचलं, तो कधी पडलाच नसावा.

केंद्राच्या २०१६ च्या बाल न्याय आदर्श नियमांत स्वच्छ लिहिलंय की अशी संस्था बालस्नेही असावी, ती कोणत्याही प्रकारे तुरुंगासारखी किंवा कोठडीसारखी दिसता कामा नये. छान. त्याच नियमांत पुढे जागेचा तक्ता आहे. ५० मुलांसाठी दोन शयनकक्ष, प्रत्येकी १००० चौरस फुटांचे, एकेकात २५ मुलं. भागाकार केला की मुलामागे ४० चौरस फूट येतात. आता मोठ्यांसाठीची आदर्श कारागृह नियमावली काढा. बराकीत कैद्यामागे ३.७१ चौरस मीटर. त्याचे फूट करून बघा, चाळीसच भरतात. थोडक्यात, दिसायला तुरुंग नको, मोजायला चालेल.

हे आजचं नाही. मुंबईतलं डोंगरीचं निरीक्षणगृह ज्या आवारात आहे, तो उमरखाडीचा जुना तुरुंग. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर १०१ दिवस होते ते इथेच. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं, म्हणून तो तुरुंग आपल्या लक्षात तरी आहे. पुढे मोठ्यांना दुसरीकडे नेलं आणि रिकाम्या झालेल्या जागेत पोरं आणली. तुरुंगाच्या कामाची उरली नाही ती वास्तू मुलांना चालेल, असं कुणाला तरी वाटलं आणि बाकीच्यांना ते खटकलं नाही.

याच्या नेमकं उलट अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात घडलं. तिथे बूनव्हिल नावाच्या गावी १८८९ साली मुलांची सुधारशाळा निघाली. एका आवारात शेकडो मुलं, शिस्त लष्करी, मारहाणीच्या तक्रारी वर्षानुवर्षं. १९८३ साली राज्याने ती बंद केली आणि त्या इमारती मोठ्यांच्या तुरुंगाला दिल्या. आपण मोठ्यांचा तुरुंग मुलांना दिला, त्यांनी मुलांचा तुरुंग मोठ्यांना. इमारत कशासाठी बांधलेली आहे हे तिथल्या कुणीतरी ओळखलं, एवढाच फरक. पण पुढचं सगळं त्या एवढ्यातून निघालं.

मुलं गेली कुठे? राज्यभर विखुरलेल्या छोट्या केंद्रांत, शक्यतो घरापासून फार लांब नाही अशा ठिकाणी, म्हणजे भेटीला येणाऱ्या आईची मजुरी बुडू नये. सुरुवातीची काही केंद्रं वापरात नसलेल्या शाळांत आणि मोठ्या घरांत थाटली. नकाशाचं एकक ठरलं दहा-बारा मुलांचा गट. हा गट एकत्र झोपतो, एकत्र जेवतो, एकत्र शिकतो. कोठड्यांऐवजी लाकडी दुमजली पलंगांचा एक कक्ष, शेजारी सोफे मांडलेली बैठकीची खोली, अंगावर मुलांचे स्वतःचे कपडे. आणि दर गटाबरोबर अष्टौप्रहर कर्मचारी. पाळत ठेवायला मनोऱ्यावर नव्हे, त्याच खोलीत, मुलांच्या नजरेला नजर देत.

इथे वास्तुविशारदांनी कान टवकारावेत. कारण मिसुरीत पैसा काही जगावेगळ्या बांधकामावर गेला नाही. सोफा आपल्याकडेही मिळतो. तिथला नकाशा निघाला तो ‘मुलांजवळ कोण बसणार’ या प्रश्नातून. माणूस जवळ बसणार असेल तर खोली लहान लागते, कोपरे कमी लागतात, दार सताड उघडं राहू शकतं. माणूस बसणारच नसेल तर मग भिंत, जाळी, कुलूप आणि वर काटेरी तार. आपली आवारभिंत दर अंदाजपत्रकात फूटभर चढते याचं कारण काळजीवाहकाची रिकामी जागा भरायची नसते. भिंतीला पगार नाही, रजा नाही, वेतन आयोग नाही. शिवाय भिंतीचं बिल निघतं, आणि बिल निघणाऱ्या गोष्टींवर सरकारी इमारतींचं किती प्रेम असतं हे या स्तंभाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

मिसुरीच्या या पद्धतीला २००८ साली हार्वर्डचा शासकीय नवोपक्रमांचा पुरस्कार मिळाला, इतर राज्यांनी तिची नक्कल सुरू केली. आपले अधिकारी परदेश दौऱ्यांवर जातात तेव्हा त्यांना मेट्रो दाखवतात. कुणीतरी त्यांना एकदा मिसुरीला पाठवा.

मला ठाऊक आहे, यावर काय पत्रं येणार. २०२४ च्या पुण्यातल्या पोर्शे मोटारीच्या जीवघेण्या अपघातानंतर, ती चालवणाऱ्या श्रीमंत घरातल्या अल्पवयीन मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला तेव्हापासून, ‘माणुसकी’ हा शब्द काढला की वाचक निबंध काढतात. रागावलात ते बरोबर होतं. पण त्या रागाचा निरीक्षणगृहातल्या पोरांशी काय संबंध? तिथली बहुतेक मुलं अशा घरांतून येतात की ज्यांना वकील शोधण्यात आठवडे जातात. त्यातल्या कित्येकांची चौकशीही पूर्ण झालेली नसते, गुन्हा सिद्ध होणं तर लांबच. श्रीमंताच्या मुलाला सवलत मिळाली म्हणून गरिबाच्या मुलाच्या खिडकीला आणखी एक जाळी, हा न्याय कुठल्या शाळेत शिकवतात?

आणि ज्यांना माणुसकीचं वावडं आहे त्यांनी निदान हिशेब करावा. दोषी ठरलेल्या मुलाला विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतं. नंतर तो आपल्याच गल्लीत राहायला येणार आहे. ती वर्षं त्याने कुणाशी बोलत काढली की जाळीतून बाहेर बघत, याचा परिणाम आधी शेजाऱ्यांनाच जाणवणार.

तेव्हा मागणी दोनच. नवं निरीक्षणगृह बांधाल तेव्हा शंभर मुलांची इमारत मागू नका, बारा मुलांची आठ-नऊ घरं मागा. आणि वास्तुविशारदाने साहेबांच्या केबिनची दिशा ठरवण्याआधी रात्रपाळीच्या काळजीवाहकाला विचारावं, की बाबा, तू बसतोस कुठे, आणि तिथून तुला किती मुलं दिसतात. त्याचं उत्तर ‘एकही नाही’ असं आलं, तर अंदाजपत्रकातली भिंत खोडा आणि त्या पैशात आणखी दोन माणसं नेमा.