टॅपेटचा आवाज आणि आपली कटकट

घरच्या घरी गाडीचे टॅपेट सेट केले आणि आवाज वाढला की माणूस घाबरतो. आवाज बंद झाला की खूश होतो, चार मित्रांना ऐकवतो. माझं मत आहे की हे बरोबर उलटं असायला हवं. वाढलेला आवाज निदान ओरडून सांगत तरी असतो. एकदम गप्प झालेलं इंजिन आतून व्हॉल्व्ह जाळत असतं, आणि आपल्याला वाटतं, वा, काय हात आहे आपला!

मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं संपादक मैत्रिणीने विचारलंच. गोष्ट शेवटी शब्दांवर येते, एवढंच तिला सांगितलं. तुम्हीही थोडा धीर धरा.

गाडी काकांची. काका मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या बेळगावात अशा माणसाच्या अंगणात जी गाडी असायची तीच त्यांच्याकडे आहे, जुनी कास्ट आयर्नची बुलेट, ३५० सीसी. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून किक मारायचं काम माझ्याकडे आलं आणि त्याबरोबर गाडीही. घर ते कॉलेज रोजचा प्रवास तिच्यावर. आताच्या पोरांना सांगायला हवं, की पुढे आलेल्या यूसीई इंजिनाच्या बुलेटमध्ये हायड्रॉलिक टॅपेट असतात, तिथे हे कामच नाही. जुनीत मात्र आहे. सिलिंडरच्या उजव्या बाजूला एक छोटं झाकण, एकच नट. ते उघडलं की दोन पुशरॉडची खालची टोकं दिसतात. इतकं सोपं दिसतं की हात शिवशिवतात.

माझेही शिवशिवले. टकटक येत होती, काका म्हणाले मेस्त्रीकडे ने, मी म्हटलं त्यात काय, मोबाइलवर बघून करतो.

पहिल्या खेपेला मी पिस्टन वर आणला आणि दोन्ही रॉड बोटांत सहज फिरतील, पण वर-खाली हलणार नाहीत असे सेट केले. थंड इंजिनावर या गाडीचा नियम तोच आहे, फिलर गेज लागत नाही, बोटंच गेज. झाकण लावलं, किक मारली, आणि पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज. शेजारच्या आज्जी बाहेर आल्या.

चूक कुठे होती ते आता कळतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन वर दोनदा येतो. एकदा कॉम्प्रेशनला, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. दुसऱ्यांदा एक्झॉस्ट संपताना, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात. मी नेमका दुसरा धरला. कॅमने आधीच उचललेल्या रॉडना मी तिथे मोकळं केलं, म्हणजे कॅम खाली उतरल्यावर भलीमोठी फट पडणारच. ती फट प्रत्येक वेळी आदळून भरली जाते, तोच तो खडखडाट. प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायचा आणि किक हळू दाबायची. हवा अंगठ्याला ढकलत असताना जो पिस्टन वर येतो तो खरा. एवढी साधी गोष्ट. व्हिडिओत ती सांगितलीही होती, मी ती पुढे ढकलून पाहिली होती. (आपण व्हिडिओही असेच बघतो आणि नोट्सही अशाच वाचतो, पण तो वेगळा लेख.)

दुसरी खेप जास्त वाईट. खडखडाट ऐकून मला लाज वाटत होती, म्हणून इंजिन गरम असतानाच झाकण उघडलं आणि आवाज जाईपर्यंत ॲडजस्टर आवळत गेलो. गेला. पूर्ण गेला. संध्याकाळी गल्लीतून दोन चकरा मारल्या, गाडी लोण्यासारखी चालत होती. काका व्हरांड्यात बसून ऐकत होते. म्हणाले, "फार गप्प आहे रे." मला वाटलं, म्हातारपणी कान गेले.

तिसऱ्या दिवशी किकला जोरच लागेना. बुलेटची किक ज्याने मारली आहे त्याला माहीत आहे, कॉम्प्रेशनला ती भिंतीसारखी अडते. अँपिअरमीटरचा काटा बघून, डीकॉम्प्रेसर ओढून तिला समजावत पुढे न्यावं लागतं. आता ती सायकलच्या पायडलसारखी खाली जात होती. सुरू झाली की सायलेन्सरमधून फट्‌ फट्‌, चढाला दम नाही. म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसतच नव्हता. हा व्हॉल्व्ह थंड होतो तो मुख्यतः सीटवर टेकतो तेव्हा, तिथून उष्णता हेडमध्ये जाते. फट शून्याच्याही खाली गेली की टेकणं बंद, उष्णता जायची वाट बंद, आणि त्या चिरेतून जळता वायू दर वेळी निसटतो. कड जळायला लागते. माझ्या नशिबाने तीन दिवसांतच थांबलो, लॅपिंगवर भागलं. तरी हेड उतरवायला लागलं आणि परीक्षा फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. घरी ते सांगणं व्हॉल्व्हपेक्षा अवघड होतं.

आता शब्दांकडे येतो.

शहापूरकडच्या एका वयस्क मेस्त्रींकडे गाडी ढकलत नेली. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "आधी आवाज कसला होता?" मी म्हटलं, टॅपेटचा. "ते मी बघतो की टॅपेटचा हाय का कशाचा. तू आवाज सांग." मी गप्प. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, मराठी मुख्य विषय, गेल्या वर्षी 'मराठी भाषेपुढील आव्हाने' यावर वक्तृत्वात बक्षीस. आणि एका आवाजाला शब्द नाही. शेवटी म्हणालो, "नॉइज येत होता."

ते हसले नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं. त्यांनी स्वतःच विचारायला सुरुवात केली. टिकटिक होती का टकटक? टिकटिक असेल तर ती असू द्यायची, शिवणयंत्रासारखी बारीक, थंड इंजिनाला ती असतेच. टकटक म्हणजे फट जास्त. लयीत होती का? टॅपेटचा आवाज इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा, म्हणून तो सावकाश वाटतो, मोजता येतो. सकाळी थंडीत ठकठक आणि गरम झाल्यावर कमी, तर पिस्टन सैल आहे, टॅपेटला हात लावू नकोस. चढावर, लोडवर पोटातून धडधड येत असेल तर गाडी तिथेच बंद कर, खालचं बेअरिंग गेलं. गिअर न बदलता ॲक्सिलरेटर पिळल्यावर किणकिण, तर टायमिंग बघ. आणि चटचट, फुसफुस येत असेल तर सायलेन्सरच्या जोडाजवळ हात ने, जपून. गॅस्केटमधून गॅस सुटतो आणि लोक टॅपेट पिळत बसतात. "माझ्याकडं येणाऱ्यातल्या कितीतरी गाड्यांचं दुखणं हेच," म्हणाले. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून त्यांनी मला एकेक जागा ऐकवली, दुसऱ्या एका गाडीवर, कारण माझी मुकी होती.

या माणसाची मराठी आपल्या वर्गात शुद्ध ठरणार नाही. वाक्यात कन्नड येतं, दखनी येतं, पाना-पक्कडची नावं अर्धी इंग्रजी. पण टिकटिक आणि टकटक यांत हेड उतरवण्याइतका फरक आहे हे त्यांना माहीत आहे आणि मला नव्हतं. मोल्सवर्थचा शब्दकोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आपल्या ग्रंथालयात असेल तर उघडून बघा. असे अनुकरणवाचक शब्द त्यात ठायीठायी आहेत आणि प्रत्येकाला वेगळा अर्थ दिलाय, कोणत्या वस्तूचा, कसा आपटल्याचा. कंपनी सरकारच्या पलटणीतल्या त्या इंग्रजाने आणि त्याच्या पंडितांनी हे कान देऊन टिपलं. आपण व्याकरणाच्या पेपरात दोन मार्कांसाठी 'कडकड, बडबड, गडगड' लिहितो आणि संपलं. मोटारसायकलला 'फटफटी' म्हणणारी ही भाषा आहे हो! गाडीचं नावच आवाजावरून.

म्हणून माझा दोन बाजूंशी वाद आहे. एक म्हणतात, हे काम मेस्त्रीचं, शिकलेल्या पोराने ऑइलमध्ये हात घालू नये. मला हे पटत नाही. मी चुकलो ते हात घातला म्हणून नव्हे, कान न देता हात घातला म्हणून. दुसरे म्हणतात, मोबाइलवर सगळं आहे. आहे, पण त्या मोबाइलमधून ऐकू येतो तो दुसऱ्याच्या इंजिनाचा आवाज, तोही माइकने चपटा केलेला. तुमच्या गाडीचा आवाज तुम्हालाच ऐकावा लागतो आणि दुसऱ्याला सांगता यावा लागतो. डॉक्टरसमोर 'दुखतंय' एवढंच सांगणारा पेशंट आणि 'नॉइज येतोय' म्हणणारा मी, यात फरक नाही. ठणकतंय, चमक मारते, टोचतंय, जळजळतंय, हे शब्द आपल्या आज्यांकडे होते.

आपल्या मंडळाला एक सूचना आहे. मराठी दिनाला पुन्हा एकदा तेच परिसंवाद घेण्यापेक्षा एखाद्या मेस्त्रीला, उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणाऱ्याला, एखाद्या तबलजीला बोलवावं आणि त्यांचे आवाजाचे शब्द लिहून काढावेत. फादर परवानगी देतील, त्यांची स्वतःची स्कूटर गेला महिनाभर खरखरतेय.

लॅपिंगनंतर टॅपेट मीच सेट केले, मेस्त्री शेजारी उभे राहून बघत होते. लॉकनट आवळताना ॲडजस्टर त्याच्याबरोबर फिरतो आणि सगळं बिघडतं, म्हणून आवळून झाल्यावर रॉड पुन्हा फिरवून बघायचा, हे तिथे शिकलो. तीन वेळा करावं लागलं.

गेल्या रविवारी सकाळी थंड इंजिनावर पुन्हा झाकण उघडलं. नवीन बसलेला व्हॉल्व्ह थोडा आत बसतो, एक्झॉस्टचा रॉड बोटांत जड फिरत होता. केसभर सैल केला. किक मारल्यावर टिकटिक आधीपेक्षा जरा वाढली. काका व्हरांड्यातून म्हणाले, "असू दे."