कॉलरवर नाव कुणाचं?

आयर्लंडमध्ये फॅशनच्या वस्तू घडवणाऱ्यांत आज सगळ्यात मोठं नाव घेतलं जातं ते फिलिप ट्रेसी यांचं. गॉलवे परगण्यातल्या आहास्क्रा या खेड्यात १९६७ साली एका बेकरच्या घरी जन्म, डब्लिनच्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइनमध्ये शिक्षण, मग लंडन. २०११ च्या शाही लग्नात राजकन्या बिअट्रिसने घातलेली त्यांची टोपी पुढे लिलावात ८१ हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली आणि ते पैसे मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना मिळाले. घालणारी कोण आणि घडवणारा कोण, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं.

मला मात्र इथल्या कारागिरीचा विषय निघाला की आधी आठवतात त्या मोनहन परगण्यातल्या क्लोनिस गावाच्या बायका. त्यांच्या हातच्या लेसच्या कॉलरी पॅरिस-न्यूयॉर्कपर्यंत मिरवल्या गेल्या. त्या कॉलरींवर विणणारीचं नाव जवळपास कधीच सापडत नाही.

१८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि साथींनी गेली. त्यातलं १८४७ हे वर्ष इथे अजून ‘काळं सत्तेचाळीस’ म्हणून ओळखलं जातं. त्याच वर्षी क्लोनिसच्या धर्मगुरूंच्या पत्नी कॅसान्ड्रा हँड यांनी गावातल्या बायकांना क्रोशा शिकवायची सोय केली. व्हेनिसच्या उंच उठावाच्या लेसला तेव्हा श्रीमंतांत मोठा मान होता, पण ती सुईने करायची म्हणजे महिनोन्‌महिने जायचे. क्रोशाने तसाच उठाव कितीतरी कमी वेळात साधतो, आणि भुकेल्या घराला वेळच तर नव्हता. शिवाय कॉलर, कफ, हातमोजे, छत्रीची झालर या वस्तू लहान. त्यांना भांडवल म्हणून सूत आणि एक आकडा पुरे. साध्या शिवणाच्या सुईचं नेढं अर्धं घासून काढलं, तिला लाकडी मूठ बसवली की झाला आकडा. अख्खा झगा ज्यांना परवडत नाही अशा गिऱ्हाइकालाही कॉलर परवडते आणि जुन्या झग्यावर बसवली की झगा नवा होतो. आज ज्याला आपण ॲक्सेसरी म्हणतो तिचं सगळं अर्थकारण या बायकांना नेमकं कळलेलं होतं.

क्लोनिसचा गुलाब कसा होतो ते बघण्यासारखं आहे. मध्ये एक वेढा, त्यावर साखळ्यांच्या सहा कमानी, प्रत्येक कमानीत खांब भरून एक पाकळी. मग पाकळ्यांच्या पाठीमागून थोड्या मोठ्या कमानी आणि त्यांत थोड्या मोठ्या पाकळ्या, असे पाकळ्यांचे थरावर थर चढत जातात. उठाव हवा तिथे आत जाड दोरी धरायची आणि तिच्यावरून मुके खांब घट्ट विणायचे. फुलं, द्राक्षांचे घोस, पानं असं सगळं सुटं विणून झालं की कापडावर काढलेल्या नक्षीवर ते टाचायचं आणि मधल्या रिकाम्या जागा जाळीने भरायच्या. खरी परीक्षा त्या जाळीतल्या क्लोनिस गाठीची. साखळी घालायची, तिच्याखालून आकडा पुढेमागे फिरवत दोऱ्याची वेटोळी जमवायची आणि सगळ्यांतून दोरा एका दमात ओढून घ्यायचा. हात जरा आखडला तर गाठ गुदमरते, सैल पडला तर पसरते. मी एकाच ओळीत दोन्ही प्रकार करून ठेवते.

यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी की घराघराची आपली नक्षी असे आणि ती परक्याला शिकवली जात नसे. एका घरची द्राक्षं, दुसऱ्या घरचं नेच्याचं पान. म्हणजे नाव लिहायला जागा नव्हती तरी सही होतीच. पण कॉलर व्यापाऱ्याच्या हाती पडली की ती सही वाचणारं कुणी उरत नसे. पुढे १८८० नंतर स्वित्झर्लंड आणि जर्मनीतल्या कारखान्यांनी रेशमावर यंत्राने भरतकाम करून रेशीम रसायनात विरघळवायचं तंत्र काढलं. मागे उरे ती हुबेहूब लेस. पहिल्या महायुद्धानंतर फॅशनही पालटली आणि क्लोनिसचा बाजार बसला. मॉयरा ट्रेनर यांच्यासारख्या माणसांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जुन्या नक्ष्या गोळा करून शिकवल्या, म्हणून ती विद्या आज हातात आहे.

आपल्याकडे १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी उपाशी बायका-मुलींना केडगावला आणलं तेव्हा त्यांनाही विणकाम, शिवणकाम असे पोटापाण्याचे उद्योगच शिकवले. हातात कसब दिलं की माणूस पुन्हा उभं राहतं, हे दोन्हीकडे कळलेलं होतं. तरी घरात क्रोशाचं तोरण दिसलं की आपण ‘रिकाम्या वेळात केलेलं’ म्हणून मोकळे होतो. रिकामा वेळ कुठल्या बाईला होता?

इथे आयर्लंडमधल्या गणपतीत आमच्यातल्या काही जणी खणाच्या पर्स आणि क्रोशाचे कानातले विकायला ठेवतात. ‘एवढे युरो? तुळशीबागेत शंभर रुपयांत मिळतं,’ हे ऐकावं लागतं आणि ऐकणारी बिचारी लगेच भाव उतरवते. मला त्याचा राग येतो. या देशात २०२५ साली किमान वेतन तासाला साडेतेरा युरो होतं. एका जोडीला दोन तास लागत असतील तर सूत-मणी न धरताच सत्तावीस युरो झाले. म्हणून यंदा मी सगळ्यांच्या मागे लागले आहे, प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधा. तिच्यावर करणारीचं पूर्ण नाव, तिचं मूळ गाव, लागलेले तास आणि मग किंमत. दोघी-तिघी नाव घालायला अजून लाजतात, त्यांच्या चिठ्ठ्या मीच लिहिणार आहे.