'समाधानकारक' हवा

प्रगतिपुस्तकावर 'समाधानकारक' असा शेरा लिहिताना अध्यापकाचा हात सहसा अडखळत नाही. विद्यार्थ्याविषयी सांगण्यासारखे विशेष काही नसले की हा शब्द कामी येतो. तोच शब्द आता हवेलाही लागू झाला आहे. राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक ५१ ते १०० यांदरम्यान असला, की त्या दिवशीची हवा 'समाधानकारक' ठरते. मात्र त्याच वर्गाच्या अधिकृत स्पष्टीकरणात संवेदनशील व्यक्तींना श्वसनाचा किंचित त्रास होऊ शकतो, असेही म्हटलेले असते. मग हे समाधान कोणाचे, असा प्रश्न निदान भाषेच्या अध्यापकाला तरी पडायला हवा.

हवा मोजणारी केंद्रे शहरात मोजकीच असतात. दोन केंद्रांमधली हवा आणि उद्याची हवा यांचा अंदाज संगणकीय प्रतिमानातून काढावा लागतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने उभारलेली 'सफर' ही प्रणाली २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीत सुरू झाली. पुढे २०१३मध्ये पुण्यात आणि २०१५मध्ये मुंबईत आली. अशा प्रतिमानांची रीत थोडक्यात अशी : शहराचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात वाहने, कारखाने, चुली, रस्त्यावरची धूळ यांतून किती प्रदूषक बाहेर पडतात याची यादी करायची, आणि वारा, तापमान यांच्या समीकरणांतून ते कोठे जातील, हे काढायचे. दिल्लीसाठी २०१८ साली सुरू झालेल्या पूर्वसूचना प्रणालीत हे चौकोन ४०० मीटरपर्यंत लहान झाले. ही सामान्य गोष्ट नव्हे.

तरीही ४०० मीटरांत एक अख्खी पेठ मावते. दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद रस्त्यावर छपरांवरून आडवा वारा वाहू लागला, की खाली हवेचा भोवरा तयार होतो. जमिनीलगतचा वारा उलटा फिरतो आणि वाहनांचा धूर ज्या बाजूने वारा आला त्याच बाजूच्या पदपथावर साचतो. अशा रस्त्यांसाठी डेन्मार्कमधील संशोधकांनी स्वतंत्र प्रतिमान घडवले आहे. शहरभराच्या चौकोनाला मात्र हा भेद दिसत नाही. या पदपथावर दिवसभर बसणारी भाजीवाली आणि समोरच्या पदपथावरचा दुकानदार यांना तो एकच आकडा देतो.

म्हणून प्रतिमान खोटे ठरते काय? मुळीच नाही. गाळणे हा प्रतिमानाचा धर्मच आहे. कादंबरीकारही सगळे गाव कादंबरीत आणत नाही. पण कादंबरी वाचताना निवेदक कोण, तो कोठे उभा आहे, त्याने कोणाला वगळले, हे प्रश्न आपण विद्यार्थ्यांना विचारायला शिकवतो. आकड्यापुढे मात्र आपण एक तर हात जोडतो किंवा 'संगणकाला काय कळते' म्हणून मोकळे होतो. दोन्ही वृत्ती वाचनाला नकार देणाऱ्याच आहेत. उत्सर्जनाची यादी हीही एक संहिता आहे. रखवालदाराची शेकोटी, रात्री पेटवलेला कचरा यांची तीत नोंद नसेल, तर तो धूर संगणकापुरता अस्तित्वातच नसतो. यादी जुनी असेल, तर शहर मागचे आणि वारा आजचा, असा प्रकार होतो.

मोजणारे यंत्र जे आहे तेवढेच सांगते; अवजड वाहने वळवली तर काय होईल, या प्रश्नाचे उत्तर प्रतिमानच देऊ शकते. त्या उत्तरावर निर्णय घेतले जाणार असतील, तर यादी कोणत्या वर्षाची, चौकोन केवढा, मागचे अंदाज किती चुकले, हे आकड्याशेजारी साध्या मराठीत छापले गेले पाहिजे. आणि ते वाचण्याची सवय लावणे हे केवळ विज्ञानशाखेचे काम नव्हे, असे माझे मत आहे. 'समाधानकारक' असा शेरा देणाऱ्याने उत्तरपत्रिका कितपत वाचली होती, हे विचारण्याचा हक्क त्या भाजीवालीलाही आहे.