शंख सापडला, गोगलगाय कुठंय?

नगरच्या काळ्या दगडात 'कॅम्ब्रियन काळातला शंख' सापडला, अशी पोस्ट आली तर कृपा करून फॉरवर्ड करू नका. आपला दगड म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. कॅम्ब्रियन सुरू झाला ५३.९ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आठपट जुना! दगडात दिसणारे पांढरे गोल हे बहुतेकदा लाव्हातले बुडबुडे असतात, नंतर खनिजांनी भरलेले.

हा झाला सोपा भाग. माझं खरं भांडण पोस्टवाल्यांशी नाहीच. ते आहे 'शंख बघितला की प्राणी कळतो' असं ठामपणे सांगणाऱ्या शिकलेल्या मंडळींशी.

आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. लाव्हाच्या दोन थरांमध्ये अधूनमधून जुन्या तळ्यांचा गाळ सापडतो. नागपूरजवळच्या टाकळीचा असा गाळ प्रसिद्ध आहे. त्यातल्या गोगलगायींवर मिशनरी स्टीफन हिस्लॉपनं १८६० मध्ये सविस्तर लिहिलं. दख्खनच्या तळ्यांमधला सगळ्यात नावाजलेला शंख म्हणजे फायसा प्रिन्सेपी. हे नाव सोवर्बीनं १८४० मध्ये दिलं. आता त्याला प्लॅटिफायसा म्हणतात, पण पुस्तकांत आणि पाट्यांवर 'फायसा' अजून मुक्कामाला आहे.

त्यात काय एवढं, असं म्हणाल. सांगतो.

शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. तोंड डावीकडे आलं तर शंख डावखुरा. फायसा डावखुरी, लिम्निया उजवी. (मोबाईलनं फोटो उलटा सेव्ह केला की संपलं, जातच बदलते!) म्हणजे डावखुरा शंख मिळाला की फायसा? नाही हो. डावखुरे शंख इतर कुळांतही असतात. त्यात टाकळीचा शंख आजच्या फायसाहून चांगलाच मोठा. आणि आज आपल्याकडच्या गटारा-डबक्यांत दिसणारी फायसा ही मूळची उत्तर अमेरिकेची पाहुणी. 'बघा, तीच गोगलगाय ६.६ कोटी वर्षं इथंच राहतेय' हे वाक्य ऐकायला गोड आहे, बाकी काही नाही.

गंमत म्हणजे जिवंत फायसासुद्धा नुसत्या शंखावरून नीट ओळखता येत नाही. पाणी बदललं, खाणारे शत्रू बदलले की शंखाचा आकारही बदलतो. म्हणून अभ्यासक आतले अवयव आणि डीएनए बघतात. आमच्या भाषेत, शंख हा फक्त इंटरफेस. त्यावरून आतला कोड छातीठोकपणे सांगणाऱ्याला कोड रिव्ह्यूमध्ये कोणी सोडेल का?

आता कॅम्ब्रियनच्या सुरुवातीला जा. तिथले मृदुकाय प्राणी बहुतेक मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे. चुनखडी सौम्य आम्लात विरघळवायची आणि उरलेल्या गाळातून ते वेचायचे. पुष्कळदा मूळ शंख गेलेलाच असतो, हाती लागतो तो आतल्या पोकळीचा फॉस्फेटचा साचा. त्यावरून वंशावळ! अल्डानेला नावाचा चिमुकला वळलेला शंख घ्या. काहींच्या मते ती गोगलगाय, तर काहींच्या मते एखाद्या किड्याची नळी. योचेल्सिओनेलाच्या टोपीसारख्या कवचाला एक नळी असते. ती पुढच्या बाजूला की मागच्या, यावरही तज्ज्ञांची दोन मतं. ज्या प्राण्याचं डोकं कुठल्या बाजूला ते ठरत नाही, त्याच्या नात्यागोत्याची खात्री कुठून आणायची?

'बारीकसारीक नावांनी काय बिघडतं?' बिघडतं. जीवाश्मांवरून खडकांचं वय ठरतं. १९९८ मध्ये रफत आझमी यांनी विंध्य खडकांतून कॅम्ब्रियन धाटणीचे बारीक कवचधारी जीवाश्म जाहीर केले. म्हणजे ते खडक फार तर ५४ कोटी वर्षांचे व्हायला हवेत. पुढे किरणोत्सारी पद्धतीनं मोजलं तर वय निघालं १६० कोटींच्या आसपास. मोठा वाद झाला, जीवाश्मांच्या खरेपणावरही शंका आली. २००९ मध्ये बेंग्टसन आणि सहकाऱ्यांनी पुन्हा तपासलं. जीवाश्म खरे निघाले! पण कॅम्ब्रियन नव्हते. कवचधारी वाटलेल्या नळ्या शेवाळासारख्या तंतूंच्या असाव्यात. वस्तू खरी होती, चुकली होती ओळख. फरक शंभर कोटी वर्षांचा.

मग नावंच देऊ नयेत का? तसं अजिबात नाही. नावाशिवाय दोन माणसं एकाच शंखाबद्दल बोलूच शकणार नाहीत. आणि जिथं फक्त शंखच उरलाय तिथं शंखावरूनच काम करावं लागणार, हेही मान्य. पण 'दिसतं काय' आणि 'आम्हाला वाटतं काय' हे दोन वेगळे रकाने आहेत. नावापुढे प्रश्नचिन्ह लावायची सोय शास्त्रात आहेच. ती पाटीवर येईपर्यंत गळते.

आमच्या जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. कधी झालं, कुणी केलं, जुनं काय होतं, सगळं सरकारदरबारी नोंदलेलं आहे. शंखाच्या पाटीवर एवढंच मागतोय. डावखुरा की उजवा, लांबी किती, वळसे किती. नाव कुणी आणि कधी दिलं. आणि शेवटी एक ओळ: नातं नक्की, की अंदाज?

शाळकरी पोरांना ही शेवटची ओळ वाचायला मिळाली ना, तर त्यातलं एखादं पोर तो अंदाज तपासायला निघेल. 'फायसा' एवढंच वाचून ते पुढच्या कपाटाकडे जातं.